धुक्यातली ओ

वात थोडी पुढे सारा आणि असे जवळ सरकून बसा. धुके उतरले आहे. ते उठेपर्यंत तुम्हाला इथून हलता येणार नाही, आणि मलाही पुष्कळ दिवसांत नवा श्रोता मिळालेला नाही. जे सांगणार आहे त्याचा अर्थ मला लागलेला नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो. उलगडा माझ्याकडे मागू नका. मी तो देवाकडे मागून थकलो आहे.

आमची वस्ती म्हणजे एका घळीच्या दोन उतारांवर विखुरलेली मोजकी घरे. तळाशी ओढा, ओढ्यावर एका फळीचा पूल. एक वळणावळणाची पायवाट आमच्या अंगणातून निघते, लोहाराच्या भट्टीवरून खाली उतरते, विणकरणीच्या माडीखालून जाते, पुलावरून पलीकडे चढते आणि शेवटच्या घराशी संपते. उघड्या हवेत हे अंतर म्हणजे एखादे भजन म्हणता म्हणता संपेल एवढे. परंतु धुके आले की तीच वाट परक्यासारखी वागू लागते. धुके इथे पाहुण्यासारखे येत नाही. घरच्या माणसासारखे येते आणि कित्येक आठवडे जात नाही. ओल्या लोकरीचा आणि शेवाळाचा वास घरभर बसतो. पसरलेल्या हाताची बोटे दिसत नाहीत. दोन्ही बाजूंना कडा आहे. पाय चुकला तर माणूस ओढ्यातच सापडतो.

म्हणून आमच्या वाडवडिलांनी एक रीत घालून दिली. धुक्यात चालणाऱ्याने हाक द्यायची, आणि ज्या ज्या घराला ती ऐकू येईल त्या घराने ओ द्यायची. तोंडाने नव्हे. धुक्यात माणसाचा आवाज विरघळतो, त्याला धरून पाऊल टाकता येत नाही. धातूचा आणि लाकडाचा आवाज मात्र आपली दिशा सोडत नाही. त्यामुळे प्रत्येक घराची ओ वेगळी. लोहाराची ऐरण: एक जड घाव, मागोमाग दोन हलके. विणकरीण मागाच्या चौकटीवर ठोकळा आपटी. आमच्या घराची ओ म्हणजे दाराशी टांगलेली पितळी घंटा. त्या आवाजांना धरून चालणारा घरी पोहोचे.

या रितीला दोन नियम होते. हाक ऐकून गप्प बसायचे नाही, हा पहिला. आणि ओ देताना ‘कोण’ असे विचारायचे नाही, हा दुसरा. जो वाट चुकला आहे त्याला आधी वाट दाखवावी; नावगाव मग उंबऱ्यात आल्यावर. मला हे नियम फार आवडत. मी सुतार, पण सकाळ-संध्याकाळ देवापुढे टाळ घेऊन बसणारा, म्हणून वस्ती मला बुवा म्हणे. संतांनी जन्मभर ज्याला हाका मारल्या तोही असाच न विचारता ओ देत असेल, असे मी भजनानंतर चार लोकांना सांगत असे. बोलायला सोपे होते.

त्या दिवशी दुपारी मी ओसरीवर पाळण्याची फळी रंधत होतो. सूनबाईला दिवस भरायला अजून अवकाश होता. मुलगा बाजारगावी गेला होता आणि धुक्यामुळे तिकडेच अडकला होता. एवढ्यात माझी थोरली बहीण, अक्का, बाहेर आली. पदराला हात पुसत होती, पण हात कोरडेच होते.

“रंधा ठेव खाली,” ती म्हणाली. “मावशीला घेऊन ये.”

मावशी म्हणजे आमची सुईण. सगळ्या वस्तीला तिनेच जगात आणलेले. ती राहायची पलीकडच्या उतारावर, शेवटच्या घरात.

“आत्ताच? अगं, अजून तर…”

“ते तिच्या पोटातल्याला सांग. पोर आडवं आलंय की काय कोण जाणे, माझ्या हाताला डोकं लागत नाही. मला हे झेपायचं नाही रे. तू पळ. मी घंटेपाशी आहे.”

आतून सूनबाईचा दबलेला आवाज आला. माझी बायको मुलाच्या जन्मानंतर आठवड्यातच गेली होती. तो आवाज मी पूर्वी ऐकलेला होता. अंगावरचा भुसा न झटकताच मी काठी घेऊन निघालो.

धुके त्या दिवशी दाट होते, परंतु वाट शहाण्यासारखी वागली. मी “हो ऽऽ” अशी हाक दिली आणि खालून ऐरण वाजली: एक जड, दोन हलके. भट्टीच्या दाराशी पोहोचलो तेव्हा लोहार तांबड्या उजेडात उभा होता.

“काय बुवा, आज देव घरी भेटला नाही म्हणून शोधायला बाहेर पडलात?”

“सूनबाईला कळा सुटल्यात. मावशीकडे चाललोय.”

त्याचा चेहरा तत्क्षणी बदलला. “जा, जा. बोलत काय उभे राहिलात! परत येताना हाक द्या, घण हातातच धरून बसतो.”

पुढे विणकरणीचा ठोकळा वाजला. मग ओढ्याचा आवाज, मग पायांखाली फळी. ती फळी मीच बसवलेली. एकाच माणसाच्या रुंदीची. समोरून कुणी आले तर एकाला मागे फिरावे लागते. वाटेवर मला कुणीही भेटले नाही. ना पुलाआधी, ना पुलानंतर.

मावशीचे दार उघडे होते. तिचा नवरा बुरूड. दारातच बसून कामट्या सोलत होता. त्याने मान वर केली आणि जरा वैतागूनच म्हणाला, “आता काय राहिलं?”

“मावशी कुठाय? लवकर बोलवा. सूनबाई…”

“कळलं की हो ते. मघाशी सांगितलंत ना.”

“मघाशी कोणी सांगितलं?”

तो हसला. “बुवा, घाबरलात तुम्ही. होतं असं. पहिलं नातवंड आहे. मी तर माझ्या पोराच्या वेळी चपला हातात घेऊन धावलो होतो. जा आता तिच्या मागं, ती म्हातारी फळीवरून एकटी कशी जाईल?”

“काका, मी आत्ता येतोय. मावशी कुणाबरोबर गेली?”

त्याच्या हातातला कोयता थांबला.

“तुमच्याबरोबर,” तो म्हणाला. “या बाकावर बसला होता तुम्ही. ती पिशवी भरत होती तोवर. पाणी दिलं मी तुम्हाला… अर्धं तसंच टाकून उठलात.”

बाकावर पेला होता. मी तो उचलला. पाणी कोमट होते. बाकाच्या फळीवर, माणूस बसतो तेवढ्याच जागेत, बारीक पांढरा भुसा पडला होता. मी माझ्या बाहीकडे पाहिले. तोच भुसा. पाळण्याच्या लाकडाचा. तसले लाकूड वस्तीत दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

“मी काही बोललो का?” मी विचारले. हा प्रश्न किती विचित्र होता ते विचारल्यावर कळले.

“एवढंच म्हणालात, ‘चला, वेळ नाही.’ आणि काठीचं टोक तिच्या हातात दिलंत.” तो आता माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता. कोयता न ठेवता तो हळूच उठला, उंबऱ्याच्या आत सरकला आणि दार अर्धे लोटून घेतले. फटीतून म्हणाला, “बुवा… तुम्ही जे कोणी असाल… माझ्या बायकोला सुखरूप परत आणा.”

मी पळत सुटलो. धुक्यात पळू नये हे आम्ही लेकरांना पहिल्यांदा शिकवतो. मी पळत होतो आणि मनात एकच चालले होते: माझ्या सुनेजवळ कोण पोहोचणार आहे?

पुलावर आलो आणि वरून हाक ऐकू आली.

“हो ऽऽ”

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकण्याचा प्रसंग माणसावर सहसा येत नाही. तरी मी तो ओळखला. शेवट जरासा वर उचलण्याची माझी सवय, छातीतली ती खरखर. पडसाद म्हणावा, तर मी हाक दिलेलीच नव्हती. त्या हाकेला विणकरणीचा ठोकळा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा हाक, अजून वरून. आणि ऐरण वाजली.

मीही हाक दिली. छाती फुटेल एवढ्या जोराने दिली.

कुणी ओ दिली नाही.

पुन्हा दिली. माझ्या डोक्यावर, हाताच्या अंतरावर, विणकरणीची माडी होती. तिच्या मागाची दोरी करकरताना ऐकू येत होती. ठोकळा वाजला नाही. उभा जन्म मी देवापुढे बसून आळवत आलो की मी हाका मारतो आणि तू ऐकत नाहीस. ती तक्रार गोड होती. गाण्यात बसत होती. तिची खरी चव काय असते ते मला त्या माडीखाली कळले. ती कुठल्याही चालीत बसत नाही.

मग मी एक गोष्ट केली. हाक देणे सोडले आणि त्या दुसऱ्या हाकेला मिळणाऱ्या ओ धरून चढू लागलो. माझ्यासाठी न वाजलेल्या आवाजांवर मी वाट काढली. भट्टीपाशी आलो तर दार लावलेले. आतून लोहाराचा आवाज आला, बायकोला सांगत होता, “पोचले बुवा. मावशीला घेऊन गेले वर. चल, आता आग झाकून टाक.”

मी दारावर मुठी आपटल्या. “अरे लोहारा! मी इथं आहे! दार उघड!”

 आतून त्याची बायको म्हणाली, “वारा सुटला वाटतं.”

धुक्यात वारा नसतो. हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

नंतरचा चढ मी कसा चढलो ते आठवत नाही. आठवते ती आमची घंटा. ती अगदी जवळ वाजत होती, आणि मग वाजायची थांबली. ज्याच्यासाठी वाजत होती तो घरात पोहोचला होता, दुसरे काय? मी हातांनी चाचपडत, कुंपणाचे खांब मोजत, माझ्याच ओसरीवर आलो. तिथे मी पायरीवर बसलो. किती वेळ बसलो, सांगता येत नाही. अंधारू लागले होते. दार बंद होते. फटीतून दिव्याची रेघ येत होती. आत मावशीचा आवाज, पाण्याचा आवाज, सूनबाईची एक लांबलेली किंकाळी, आणि मग बाळाचे रडणे.

मी दार वाजवले.

“अक्का. दार उघड.”

आतले सगळे आवाज थांबले. बाळाचेही. मग अक्काने असे काही विचारले, जे आमच्या वस्तीत धुक्यात कधी कुणी कुणाला विचारले नव्हते.

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

“अगं मी… तुझा भाऊ.”

 मग दाराला अगदी ओठ लावून बोलल्यासारखी ती म्हणाली, “माझा भाऊ देवापुढं बसलाय. माझ्या डोळ्यांसमोर आहे.”

 मीच खरा, हे सांगायला माझ्याजवळ काय होते? आवाज तर त्याच्याकडेही होता. भुसाही होता. माझ्या मनात वाद करण्याचे आले, ओरडण्याचे आले, आणि सगळे ओसरून गेले.

“बरं,” मी म्हणालो. “दार नको उघडूस. एवढंच सांग… पोरगी कशी आहे?”

“सुटली,” अक्का म्हणाली. तिचा आवाज फुटला. “सुटली रे. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.”

मी दाराला डोके टेकून रडलो. आणि मग कडी निघाली.

आत जाऊन मी पहिल्यांदा देवापुढे पाहिले. समई तेवत होती. माझे आसन मांडलेले होते, आणि त्यावर कुणी नव्हते. मी हात लावला. उबदार होते. अक्का दाराकडे वळली तेवढ्यात ते रिकामे झाले. घराला दुसरे दार नाही.

मावशी हात धूत होती. तिने माझ्याकडे पाहिले, आसनाकडे पाहिले. मग माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला.

“तुमचा हात गार आहे,” ती म्हणाली. “त्याचा नव्हता.”

“मावशी, कोण होता?”

“मला काय विचारता? मी धुक्यात काठी धरून आले. पोर पायाळू होतं, बुवा. पाय बाहेर आले होते. मी उंबरा ओलांडला आणि हात घातला, तेवढीच वेळ होती. अजून जरा उशीर झाला असता, तर दोघींतली एकही हाताला लागली नसती.”

मी मनात हिशेब केला. मी जेव्हा तिच्या दारी पोहोचलो, तेव्हा ती निघाली असती तर उशीर झालाच असता.

दुसऱ्या दिवशी वस्तीभर झाले. लोहार येऊन उंबऱ्याशी डोके टेकवून गेला. माझ्या मुठी, माझ्या हाका, काहीच ऐकले नाही म्हणून शपथेवर सांगत होता. “बुवा, भाग्यवान तुम्ही. तुमचं रूप घेऊन तो तुमच्या घरी राबून गेला.” संतांच्या घरी त्याने पाणी भरले, दळण दळले, हे आम्ही पिढ्यानपिढ्या गात आलो. तेव्हा सुताराच्या सुनेसाठी तो सुईण घेऊन आला, यात अविश्वास तो काय ठेवायचा? मीही तेच मानले. आसनावर पुन्हा बसायचे मला धाडस होईना. त्याची उशाशी घडी करून ठेवली. काही आठवडे मी इतका सुखात होतो की मला भजनात शब्द आठवत नसत.

मग एका दुपारी सूनबाई बाळाला थोपटत बसली होती. मी समोर काहीतरी घासत होतो.

“मामंजी, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“त्या दिवशी तुम्ही दार वाजवलंत ना… तेव्हा मी शुद्धीत होते. मला खाटेवरून देवघर दिसत होतं. तुमच्या रूपातले ते आसनावर बसले होते. तोंड देवाकडे. अक्का उठल्या, तसे ते बोलले. अगदी हळू. अक्कांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.”

“काय बोलले?”

“म्हणाले, ‘घाई करू नका… तो अजून फार लांब आहे.’”

 “तो म्हणजे?”

“मीही तेच विचारलं, मामंजी. तर म्हणाले, ‘ज्याची तुम्ही वाट बघताय, तो.’” तिने बाळाला छातीशी धरले. “आणि तुम्ही तर दारातच होतात…”

तेव्हापासून माझे सुख गेले. देव असेल, तर त्याने मला उद्देशूनच म्हटले असेल: जन्मभर टाळ कुटलेस, तरी तू माझ्यापासून अजून फार लांब आहेस. हा अर्थ मी कितीतरी वर्षे उराशी धरून ठेवला. कठोर आहे, पण त्यात माझी जागा तरी आहे. दुसऱ्या अर्थात ती नाही. दुसऱ्या अर्थाप्रमाणे त्या संध्याकाळी दाराबाहेर उभा होता तो मी नव्हेच. सुनेच्या काळजीने रडणारा, अक्काने आत घेतला तो दुसराच कुणी, आणि तिचा भाऊ अजून वाटेवर आहे.

मला तर सगळे आठवते. रंधा आठवतो, पेल्यातले पाणी आठवते. परंतु आठवण म्हणजे पुरावा आहे का, सांगा.

कारण त्या वर्षानंतर, धुके आले की हाक येते. पहिल्या वर्षी ती ओढ्याच्याही पलीकडून आली. मी समजलो, कुणी वाटसरू असेल. विणकरणीने ठोकळा वाजवला, लोहाराने ऐरण, अक्काने घंटा. नियमच तो. कुणी उंबऱ्याशी आले नाही. पुढल्या धुक्यात हाक पुलापाशी होती. मग कितीतरी वर्षे विणकरणीच्या माडीखाली. अक्का घंटा वाजवायला उठे आणि एकदा माझ्याकडे बघे. बोलली कधीच नाही. मीही तिला थांबवले नाही. कसे थांबवणार? कुणीतरी वाट चुकले आहे, आणि त्याच्या ओठांवर माझी हाक आहे. ती अनुत्तरित ठेवण्याचे पाप मी कुठल्या तोंडाने देवापुढे नेऊ?

आता अक्का नाही. मावशी नाही, लोहार नाही. भट्टीवर त्याचा मुलगा बसतो. माझ्या बरोबरीचे वस्तीत कुणी उरले नाही. ती पायाळू जन्मलेली नात आता घंटेपाशी असते. मघाशी तुम्ही आत येऊन बसलात, त्याच्या थोडे आधी ती बाहेरून आली आणि म्हणाली, “आजोबा, आज हाक भट्टीच्या अलीकडून आली.”

थांबा… ऐकलीत? हीच.

किती थकलेली येते, नाही? वर्षागणिक ती म्हातारी होत आली आहे. अलीकडे मधेच धाप लागते तिला. शेवट वर उचलायचा प्रयत्न होतो, आणि होत नाही.

परवाच सूनबाई म्हणाली, आणि कौतुकानेच म्हणाली बिचारी: “मामंजी, आमचे केस पिकले. पण तुमचा आवाज बघा, त्या दिवशी जसा होता, तसाच आहे अजून.”